सरपंच, सरपंचीण आणि सरपंचपती

जात्यावरच्या ओव्या कुणी वहीत उतरवून ठेवल्यात का, याच्या शोधात काही वर्षांपूर्वी मुखेड तालुक्यातल्या एका गावी गेले होते. गावात ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून आधी ग्रामपंचायतीत डोकावले. शिपायाला विचारलं, सरपंच आहेत का? तो म्हणाला, "सरपंच नांदेडला गेलेत." बाहेरच्या फळ्यावर तर एका बाईंचं नाव वाचलं होतं. तसं म्हटल्यावर त्याच्या ध्यानात आलं. "हां, सरपंचीणबाई व्हय? त्या घरीच हायत की."

निवडून आलेल्या, शिक्का-सहीच्या धनी असलेल्या बाई म्हणजे सरपंचीण, आणि नांदेडला गेलेले त्यांचे यजमान म्हणजे सरपंच. शिपायाच्या मनात खोट नव्हती. तो गावची मराठी बिनचूक बोलत होता, आणि मला तेव्हापासून खटकत राहिलं ते हेच. पुढं नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत ओव्यांच्या निमित्तानं जिथं जिथं गेले, तिथं ओव्यांबरोबर हेही टिपत गेले : बाईच्या पदाला लोक काय म्हणतात, ती स्वतः काय म्हणते, आणि त्यावरून तिचं वजन कसं ठरतं. या लेखाचा विषय तो आहे. लिंगभाव-न्याय्य भाषा असा एक जडशीळ शब्द त्याला अलीकडे मिळाला आहे. मी तो एकदा लिहून बाजूला ठेवते.

आधी त्या 'ईण'कडे पाहू. वाघाची वाघीण, हत्तीची हत्तीण, इथवर हा प्रत्यय नुसती मादी दाखवतो. माणसांत आला की त्याचं काम बदलतं. पाटलाची बायको पाटलीण, देशमुखाची देशमुखीण, कुलकर्ण्याची कुलकर्णीण. यांतल्या एकीकडेही वतनाचं दप्तर नव्हतं. पद नवऱ्याचं आणि प्रत्यय बायकोचा. मग 'ईण' लागून बाईचं स्वतःचं काम सांगणारे शब्द मराठीत नाहीतच का? आहेत. सुईण आहे, मोलकरीण आहे. सुईणीचा नवरा काय करतो याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही. म्हणजे हुद्दा असेल तिथं 'ईण' बायको होते, आणि राबणं असेल तिथं ती स्वतः बाई असते. मास्तरीण आणि डॉक्टरीण हे शब्द मधल्या वेशीवर अडकलेत. मास्तरीण म्हणजे शिकवणारी की मास्तरांची मंडळी, हे ऐकणाऱ्यानं संदर्भावरून ठरवायचं. सरपंचीण याच वेशीवर उभी आहे. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली, महाराष्ट्रानं २०११मध्ये स्थानिक संस्थांतलं महिलांचं आरक्षण निम्म्यावर नेलं, पण प्रत्ययाला ही बातमी अजून पोचलेली नाही.

शिकलेल्या मराठीनं यावर संस्कृतातून तोडगा काढला : शिक्षिका, लेखिका, संपादिका, अध्यक्षा. यात बायकोचा वास नाही. पण सगळेच असे शब्द एका तोलाचे नाहीत. अंगणवाडी सेविका आणि आशा स्वयंसेविका हे शब्द बघा. इथं स्त्रीलिंगी रूप आधी ठरलं आणि माणसं मागून नेमली गेली. सेवक असं पद त्या रचनेत नाही. या पदांवरच्या बायकांना मिळतं ते वेतन नव्हे, मानधन. 'सेविका' या शब्दातच सेवा असल्यावर पगार मागणारी बाई उर्मट दिसायला लागते. दोन्ही जिल्हा परिषदांपुढच्या मोर्चांत मी या बायकांना 'आम्ही कर्मचारी आहोत' असं ठणकावून सांगताना ऐकलं आहे. कर्मचारी हा शब्द बाईलाही चालतो आणि पुरुषालाही. त्यांनी तो व्याकरण बघून निवडला नसेल, पण निवड अचूक आहे.

गंमत म्हणजे 'पती' या शब्दानं आपल्याला दोन्हीकडून गाठलं आहे. सभापती, राष्ट्रपती यांतला पती म्हणजे धनी, स्वामी. सरपंचपतीतला पती म्हणजे नवरा. पंचायत समितीवर बायका कैक वर्षं सभापती होत आल्या, नीलम गोऱ्हे २०१९मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती झाल्या, कुणाला काही अडलं नाही. प्रतिभाताई पाटील २००७मध्ये राष्ट्रपती झाल्या तेव्हा मात्र या शब्दाचं करायचं काय यावर बराच काथ्याकूट झाला, आणि २०२२मध्ये द्रौपदी मुर्मू यांच्यासाठी एका खासदाराच्या तोंडून 'राष्ट्रपत्नी' निघालं तेव्हा संसदेत गदारोळ उठला. बोलणाऱ्यानं जीभ घसरल्याचं सांगितलं. मला वाटतं, जीभ घसरते ती वाट आधीपासून तयार असते म्हणून. आपल्या कानाला बाईच्या पदाशेजारी नवरा-बायकोचं नातं ऐकायची सवय आहे.

हे आपल्याच भाषेचं दुखणं आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. मग इटालियन भाषेवरचा २०१२मधला एक अभ्यास वाचनात आला. त्या भाषेत 'एस्सा' हा प्रत्यय बाईच्या पदाला लागतो आणि त्याच्या मागंही बायकोपणाचा इतिहास आहे. प्रेसिदेन्तेस्सा म्हणजे अध्यक्षाची बायको असाही अर्थ होता. तोच वकिलीचा पेशा 'एस्सा' लावून सांगितला की वाचणाऱ्यांच्या मनात त्या बाईचा दर्जा उतरतो, नव्या साध्या स्त्रीलिंगी रूपानं तसा उतरत नाही, असं त्यात दिसलं. पोलंडमध्ये पुढच्याच वर्षी आलेल्या अभ्यासात तर नोकरीच्या अर्जात स्त्रीलिंगी पदनाम लावणारीला परीक्षकांनी कमी लेखलं. ऑक्टोबर २०२२मध्ये जॉर्जा मेलोनी इटलीच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या आणि त्यांच्या कार्यालयानं पुल्लिंगी 'इल प्रेसिदेन्ते' वापरलं, तेव्हा तिकडच्या स्त्रीवाद्यांनी टीका केली. टीका समजण्यासारखी आहे. पण मुखेडची ती पंचायत पाहिल्यावर मला मेलोनीबाईंचा हिशेबही समजतो, त्यांचं राजकारण मुळीच पटत नसलं तरी.

आता बोलणाऱ्या बाईकडे येते. मराठीत तोंड उघडलं की लिंग कळतं. मी जातो, मी जाते. आमचा भाग मात्र भाषांच्या तिठ्यावर आहे, आणि इथं या गोष्टीकडे जरा वेगळं बघता येतं. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू कानावर पडते. उदगीर, देवणीकडे कन्नड. आणि दोन्हीकडे दखनी आहेच. तेलुगू आणि कन्नडमध्ये 'मी जाते' आणि 'मी जातो' यांत फरक नाही. बोलणारी बाई आहे की बाप्या, हे क्रियापद सांगत नाही. तिसऱ्या पुरुषात तेलुगूचा हिशेब वेगळा : एकवचनात पुरुषाला एक रूप, आणि बाई, गाय, बस या सगळ्यांना मिळून दुसरं, वच्चिंदि. पण बाईला मान द्यायचा झाला की 'वच्चारु', आणि ते पुरुषालाही तेच. कन्नडमध्येही आदराचं 'बंदरु' दोघांना एकच. मराठी मान देते तेव्हाही विसरत नाही : साहेब आले, बाई आल्या. देगलूर भागातल्या एका शाळेत शिपायाच्या तोंडून 'हेडमास्तर मॅडम आले' ऐकलं, तेव्हा सोबतच्या निवृत्त शिक्षकांनी नाक मुरडलं. अशुद्ध, म्हणाले. मला तो शिपाई मराठी शब्दांत तेलुगूचा आदर बोलत असावा असं वाटलं.

मराठीतही आडोसे आहेत. 'मी भाकरी खाल्ली' यात खाणारी कोण ते कळत नाही, क्रियापद भाकरीच्या मागं जातं. मला वाटतं, माझं झालं, मला जायचंय, यांतही नाही. आणि 'आम्ही गेलो' हे बायकांचंही तेच, पुरुषांचंही तेच. ग्रामसभेत बोलणाऱ्या बायकांच्या तोंडी हे 'आम्ही' फार येतं. आम्ही ठराव घेतला, आम्ही टँकर मागितला. त्यात भीड आहे, थोडा अधिकारही आहे. पण ऐकणारा हे 'आम्ही' कसं उलगडतो? पुरुष सरपंचानं म्हटलं तर आम्ही म्हणजे पंचायत. बाईनं म्हटलं की मागच्या बाकावरचा कुणीतरी शेजाऱ्याकडे बघून हसतो, कारण त्याच्या हिशेबी आम्ही म्हणजे ती आणि तिचा नवरा. शब्द तोच. कोल्हापूरकडच्या मुली सहज 'मी आलो' म्हणतात आणि तिकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. आमच्याकडे एखादी तसं बोलली तर आगाऊ ठरेल. ज्या पारलिंगी व्यक्तींना 'आलो'कडून 'आले'कडे यावं लागतं, त्यांच्यासाठी तर हा प्रश्न रोजच्या प्रत्येक वाक्यात आहे. त्यांनी 'मी आले' म्हणावं आणि समोरच्यानं 'कधी आलास?' विचारावं, एवढ्यात पुरता अपमान करून होतो, आणि करणाऱ्याला वर म्हणता येतं की मी वावगं काय बोललो?

यावर नेहमीचा आक्षेप असा की मराठीतलं लिंग व्याकरणाचं आहे, त्यात समाज कशाला शोधता? खुर्ची स्त्रीलिंगी आणि टेबल नपुंसक, यात कुणावर अन्याय झाला? खुर्चीपुरतं मला हे मान्य आहे. व्यक्ती हा शब्द तर स्त्रीलिंगीच आहे, आणि 'ती थोर व्यक्ती होती' असं कुणाबद्दल लिहिल्यानं त्या पुरुषाचं पौरुष उणं झाल्याचं ऐकिवात नाही. पण 'माणूस' बघा. पुस्तकात माणूस म्हणजे मनुष्यमात्र. आमच्याकडे बाई 'माझा माणूस' म्हणते तेव्हा तो तिचा नवरा असतो, आणि लग्नाच्या पंगतीत 'बाया-माणसं' जेवतात तेव्हा माणसं म्हणजे पुरुष. दवंडीत 'गावातल्या माणसांनी सभेला यावं' म्हटलं आणि बायका आल्या नाहीत, तर त्यांना दवंडी नीट कळली होती असंच म्हणावं लागेल. उलट, याच बोलीत लेकरू आहे, ज्यात लेक आणि ल्योक दोन्ही मावतात. नवरा-बायकोसाठी 'दोघं' आहे, जे ना 'दोघे' ना 'दोघी'. 'दोघं आली' म्हणताना खेड्यातली म्हातारी जे सहज करते, ते कार्यालयीन मराठीला परिपत्रक काढून जमत नाही.

लिहिण्यात हे जाणूनबुजून करणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला आहे. जोतीराव फुले यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या निधनानंतर, १८९१ साली छापलं गेलं. त्यात 'स्त्री-पुरुष' ही जोडी इतक्या वेळा येते की घाईनं वाचणाऱ्याला ती लकब वाटावी. नुसतं मानव म्हणून भागलं असतं अशा ठिकाणीही त्यांनी दोघांना हजर ठेवलं आहे. वाक्य लांबतं, अडखळतं, आणि ते त्यांनी चालवून घेतलं. हे लिहिणाऱ्याबद्दल त्या काळच्या जाणत्यांचं मत काय होतं? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी आधीच 'निबंधमाले'त फुल्यांच्या व्याकरणाची टर उडवली होती. चिपळूणकर १८८२मध्येच वारले, त्यामुळे 'सत्यधर्म' त्यांच्या हाती पडलं नाही. पण 'याला मराठी येत नाही' हा शिक्का पुढं कितीतरी वर्षं टिकला. 'स्त्री-पुरुष' लिहिण्याची किंमत फुल्यांनी वेगळी मोजली नसेल. ज्याला शुद्ध समजतच नाहीत, त्याला आणखी काय अशुद्ध ठरवणार?

त्याच १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' आलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेच्या खटल्यावरून बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेणं चाललं होतं, त्याला ते उत्तर होतं. ताराबाई सरळ पुरुषांना समोर बसवून, अंगणातल्या भांडणाच्या भाषेत बोलतात. टीका झाली, आणि १८८५मध्ये 'सत्सार'मधून फुले त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पुढं हे पुस्तक विस्मृतीत गेलं, स. गं. मालशे यांनी ते १९७५ साली पुन्हा छापून आणलं. आज आपण त्या भाषेला रोखठोक म्हणतो. शंभर वर्षांनी बाईचा कर्कशपणा रोखठोक होतो. तेवढं थांबण्याची तयारी हवी.

समीक्षेच्या आपल्या घरातही डोकवायला हरकत नाही. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांबद्दल लिहिताना आपण 'कुरुंदकर म्हणतात' असं लिहितो. दुर्गा भागवतांबद्दल लिहिताना 'दुर्गाबाई म्हणतात', इरावती कर्वे यांच्याबद्दल 'इरावतीबाई'. आडनावानं पुरुष, पहिल्या नावानं बाई. यात जिव्हाळा आहे हे खरं. दुर्गाबाईंना नुसतं 'भागवत' म्हटलं तर माझ्याच कानाला कोरडं वाटतं. पण परिच्छेदात एका बाजूला कुरुंदकर आणि दुसऱ्या बाजूला दुर्गाबाई ठेवा. एकीकडे विचार बसलाय आणि दुसरीकडे घरातलं वडीलधारं माणूस. १९७५ साली कराडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिलेल्या बाईला वडीलधारेपणाची गरज नव्हती. संमेलनाच्या अध्यक्षपदी १९६१मध्ये कुसुमावती देशपांडे आल्या, त्यानंतर २०२५मधल्या तारा भवाळकरांपर्यंत एकूण सहा जणी. त्यांना संमेलनाध्यक्ष लिहायचं की संमेलनाध्यक्षा, हे अजून एका वर्तमानपत्राच्या दोन पानांत जुळत नाही. माझं मत विचाराल तर अध्यक्ष. 'अध्यक्षा'ला मी नाक मुरडत नाही, कवयित्री हा शब्द तर मला फार आवडतो. पण ज्या मातीत सरपंचीण म्हणजे सरपंचाची बायको होते, तिथं निदान काही काळ पद बिनप्रत्ययाचं असलेलं बरं. शहरातल्या मैत्रिणी म्हणतात, मग बाई दिसणार कशी? त्यांचं बरोबर आहे. पण आमच्या पंचायतीत बाई दिसत होतीच. तिचं पद दिसत नव्हतं.

हे मत पुस्तकातून आलेलं नाही. सुरुवातीची काही वर्षं मी आद्याक्षरांनी लिहीत असे. सीमाभागातल्या नात्यांच्या नावांवरचा एक लेख तसा छापून आला. शैली शोधनिबंधाची : 'असे आढळते', 'प्रस्तुत लेखकाच्या मते'. पदवी गाठीशी नसलेली माणसं ही शैली जरा जास्तच कडक पाळतात. एका निवृत्त प्राध्यापकांचं तीन पानी पत्र आलं, वर 'श्री.' लिहून. त्यांना माझी दोन उदाहरणं मान्य नव्हती आणि त्यांनी ती सविस्तर खोडून काढली होती. पुढचा लेख पूर्ण नावानं गेला. विषय ओव्यांतले पाठभेद. माझ्या मते पहिल्यापेक्षा जास्त वादग्रस्त. याच गृहस्थांचं पुन्हा पत्र आलं, या वेळी 'सौ.' घालून. संसार सांभाळून आपण हा छंद जोपासता याचं कौतुक वाटतं, असं त्यात होतं. पाठभेदांबद्दल एक अक्षर नाही. मला पहिलं पत्र हवं होतं. आजही ते जपून ठेवलंय, त्यातली एक दुरुस्ती मी पुढं स्वीकारली.

जर्मन भाषेवरच्या, २०१२मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, स्त्री आणि पुरुष दोन्ही रूपं जोडीनं वापरणारा वक्ता ऐकणाऱ्यांना कमी भेदभाव करणारा वाटतो. आमच्याकडे पुरुष वक्त्यापुरतं हे खरं आहे. 'बंधू-भगिनींनो'च्या पुढं जाऊन जो ग्रामसेवक 'बाया-माणसं दोघांनी सह्या करा' म्हणतो, त्याला लोक समजदार म्हणतात. तेच बाईनं म्हटलं तर ती बायकांची बाजू घेतेय असं होतं. न्यायाची भाषा बोलल्याचं पुण्यही आधी पुरुषाच्याच खात्यावर जमा होतं, आणि न्याय्य शब्दांच्या याद्या करणाऱ्यांच्या हे ध्यानात येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२३मध्ये न्यायाधीशांसाठी अशी पुस्तिका काढली, ते चांगलंच झालं. न्यायाधीशानं शब्द बदलला की निकालपत्रात बदलतो. सरपंच बाईनं बदलला की आधी तिला त्याचा जाब द्यावा लागतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे विधवांसाठी 'गंगा भागीरथी' म्हणायचा प्रस्ताव मंत्र्यांकडून पुढं आला होता. 'गं. भा.' आमच्या आज्यांच्या नावामागं असे, त्यामुळे शब्द ऐकून अनेकींच्या अंगावर काटा आला. ओरड झाली आणि मंत्र्यांनी ही नुसती चर्चा असल्याचा खुलासा केला. पुढच्या वर्षी सरकारनं, १ मे २०२४नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लिहायचं ठरवलं. यातला कुठला निर्णय भाषेचा आणि कुठला समाजाचा, हे वेगळं काढता येत नाही. मला या दोन्ही वेळी मुखेड तालुक्यातला तो फळाच आठवला.

कारण त्या गावी मी नंतर दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला सरपंचपती हयात नव्हते. फळ्यावर बाईंच्या नावाआधी होतं ते 'सौ.' पेंटरनं निळा रंग फिरवून पुसलं होतं आणि तिथंच 'श्रीमती' बसवायचं होतं; जागा कमी पडल्यामुळे अक्षरं दाटीवाटीनं आली होती. त्या तीन अक्षरांच्या रंगाखालून जुनं 'सौ.' जरासं दिसत होतं. पुरुष सरपंचांची बायको गेली म्हणून त्यांच्या 'श्री.'ला कुणी ब्रश लावल्याचं मी पाहिलेलं नाही. बाई आता रोज कार्यालयात बसत होत्या. शिपाई त्यांना 'सरपंच' म्हणत होता. गावात दुसरं कुणी सरपंच म्हणण्याजोगं उरलं नव्हतं, हेही खरं.

मी त्यांना म्हटलं, नुसतं नाव ठेवायचं, 'श्रीमती' तरी कशाला? त्या हसल्या. बँकेच्या पासबुकावर नाव बदलून घ्यायला दोन महिने लागले होते, म्हणाल्या. आता फळ्यावर एक आणि पासबुकावर एक झालं तर कुणीतरी अर्ज टाकील. मग त्यांनी कपाटातून सासूची ओव्यांची वही काढली, जिच्यासाठी मी पहिल्यांदा आले होते, आणि पावती म्हणून माझ्याकडून एका कागदावर सही घेतली.